कार्तिकातली कोरी घरं

परवा पुण्यात सोसायटीच्या दारात बसणाऱ्या बाईकडून सीताफळांची पेटी घेतली. घरी आणून वरचा कागद काढला तर फळांखाली तणस. इकडे त्याला पेंढा म्हणतात, म्हणोत बापडे. ते तणस जरासं ओलं होतं. भिजलेल्या धानाच्या काडीचा तो गोडसर, कुबट वास नाकात शिरला. फळं चांगली होती, त्यांचा काही दोष नव्हता. मी पेटी उचलून बाल्कनीत ठेवली, हात साबणाने धुतले, पुन्हा धुतले आणि गोंदियाला आईला फोन लावला.

"तिकडे पाणी आलं का?"

"कायचं पाणी? लख्ख ऊन पडलं आहे," आई म्हणाली. "दर साली याच दिवसांत तुला काय होते गं?"

दिवाळी सरते, आमच्याकडे गावोगावच्या मंडई, म्हणजे जत्रा, सुरू होतात, हलकं, म्हणजे लवकर पिकणारं धान कापायला येतं, आणि मला हे होतं. ऑफिसातल्या बाया म्हणतात, काय मस्त हवा पडली आहे, थोडं ढगाळ, थोडं गार. मी मान हलवते आणि खिडकीकडे पाठ करून बसते. नोव्हेंबरातलं मळभ मला बघवत नाही.

मी मुळातच भित्री. मोठीआई म्हणायची, "ही पोरगी सावलीले पुसून पाऊल टाकते." पुसून म्हणजे विचारून. मोठीआई म्हणजे माझ्या बाबांच्या मोठ्या भावाची बायको. गोंदियाला लागूनच असलेल्या मुर्रीला आमची दोन घरं एका अंगणात. पुढे या भित्रेपणाचीच मी नोकरी धरली. जनरल इन्शुरन्स, म्हणजे गाडी, आग, पूर, दवाखाना, पीक यांचा विमा. त्यात काय काय वाईट होऊ शकतं आणि किती होऊ शकतं याचा हिशोब मांडणारी माणसं असतात, ॲक्च्युअरी म्हणतात त्यांना. तसं होण्यासाठी परीक्षा द्याव्या लागतात, एक संपली की दुसरी. लोकांची लग्नं होतात, मुलं शाळेत जातात, तरी आमचे पेपर चालूच. मी सांगते आहे ते जनरल इन्शुरन्सच्या पेपराचं. दोनदा बसले होते, दोनदा आपटले होते. तिसऱ्या खेपेला नागपूरची नोकरी सोडली, पुस्तकांच्या दोन पिशव्या घेतल्या आणि तीन महिन्यांसाठी मुर्रीला येऊन राहिले. अठ्ठावीस वर्षांची घोडी, आणि आई सकाळी दुधाचा पेला घेऊन मागे उभी.

अभ्यासाला जागा मिळाली मोठीआईच्या छपरीत, म्हणजे पडवीत, कारण आमच्या घरात बाबांच्या दुकानाची खोकी होती. मोठेबाबांना जाऊन दोन वर्षं झाली होती. त्यांचं टेबल तसंच होतं, एक पाय छोटा, त्याखाली चपटा दगड. तिथून अंगण दिसायचं, अंगणापलीकडे धुरा, म्हणजे शेताचा बांध, आणि धुऱ्यापलीकडे मोठीआईचं तीन एकर धान. वाऱ्याची दिशा बदलली की राइस मिलची काळी राख येऊन वहीवर बसायची. पुसायला गेलं की फासली जायची. माझ्या त्या वेळच्या सगळ्या वह्यांना असे काळे पट्टे आहेत. गाडीची शिटी वाजायची, लांब कुठल्यातरी गावाच्या मंडईचा भोंगा वाजायचा, मंडईत व्हायच्या दंडारीची, म्हणजे गावच्या नाटकाची, तालीम चालायची. मी कानात कापूस घालून बसायचे आणि तरी सगळं ऐकू यायचं.

भीती कशाची होती हे नीट सांगते, कारण लोक म्हणतात परीक्षेला काय भ्यायचं. मला नापास होण्यापेक्षा बरोबर उत्तर लिहून चुकण्याची भीती वाटायची. गणित जुळलेलं, आकडा सुरेख, आणि खाली पायाच खोटा. या पेपरात हे फार होतं. त्यात एक त्रिकोण असतो. डावीकडे वर्षं लिहायची आणि वरती उशीर. यंदा झालेल्या अपघातांतले काही यंदाच कळतात, काही पुढच्या वर्षी, काही त्याच्याही पुढे. त्यामुळे जुन्या वर्षांच्या ओळी भरलेल्या असतात आणि नव्या वर्षांच्या अर्ध्या. कागदावर वरचा अर्धा भाग आकड्यांनी गच्च आणि खालचा कोरा. तो कोरा भाग अंदाजाने भरायचा. घडून तर गेलंय पण अजून कोणी येऊन सांगितलं नाही, अशा गोष्टींची तजवीज करायची. दिवसभर तसले त्रिकोण भरले की माझ्या बोटांची टोकं गार पडायची.

मोठीआई एकदा पाठीमागून येऊन त्या त्रिकोणाकडे बघत राहिली.

"हे काय करून राहिली?"

मी समजावलं. तिने ऐकून घेतलं. चौथी शिकलेली बाई, पण ऐकायची फार नीट.

"म्हंजे अर्धी बांधी रोवलेली हाये, आन अर्धी तू घरी बसून रोवते," ती म्हणाली. बांधी म्हणजे धानाचं खाचर. "पानी नाई, चिखल नाई. बरं हाये तुहं."

त्याच छपरीत, टेबलाच्या वर, एका खिळ्याला कॅलेंडरं टांगलेली होती. एकावर एक, बावीस वर्षांची. त्यांच्यावर आणखी दोन, मोठेबाबा गेल्यानंतरची, पण ती फक्त तिथी आणि उपास बघायला. मोठेबाबांना लिहायची सवय. रोजच्या चौकटीत बारीक अक्षरात शेतातलं काम लिहायचे. पऱ्हे टाकले. रोवणी सुरू. लाखोळी फेकली. कापणी सुरू. बांधणी. पुंजणा घातला. चुरणा. वर्ष संपलं की कॅलेंडर फेकायचे नाहीत, नवं त्याच्यावर अडकवायचे. खिळा वाकला होता पण पडला नव्हता.

अभ्यासाचा कंटाळा आला की मी ती कॅलेंडरं चाळायची. मग एक दिवस वाटलं, खरी माहिती हाताशी आहे तर सरावाला तीच घेऊ. पुस्तकातले आकडे कोणाच्या गाडीचे, कोणाच्या घराचे, मला काय त्याचं. मी लॅपटॉपवर तक्ता केला. बावीस ओळी. कापणी कधी सुरू, बांधणी कधी, मधे पाऊस आला का, नुकसान किती. दोन वर्षी लिहिलेलं सापडलं: "थेंब आले, नुकसान नाही." बाकीच्या वर्षी पावसाचं नावच नाही. काही वर्षी कापणीनंतरची घरं कोरीच होती. त्यात मी शून्य भरलं. बोट एका बटणावर, शून्य, शून्य, शून्य. मला बरं वाटत होतं. खूप दिवसांनी एखादा तक्ता असा साफ निघाला होता.

परीक्षा शनिवारी होती. त्याच्या आधीच्या रविवारी संध्याकाळी मोठीआई वावरातून आली आणि पाय न धुताच छपरीत बसली. असं ती कधी बसत नसे.

"संगीता," ती म्हणाली, "कापनीच्या बाया उद्या मोकळ्या हायेत. मंग आठ दिवस त्या दुसऱ्या गावाले चालल्या. लोंबं झुकून गेले, दाणा झडून राहिला. कापू का नोको?"

मला हसू आलं. नक्षत्रं तोंडपाठ असलेली ही बाई. हिचं माहेर चोरखमाऱ्याकडचं, तलावाच्या पाण्यावर धान करणारी माणसं. पावसाच्या गोष्टी हिने मला शिकवलेल्या.

"मला काऊन विचारते?"

"आता नक्षत्रं इमान राखत नाई. आन तू तेच शिकून राहिली ना, काय होईल आन काय नाई होनार त्याचं. मंग सांग."

आता हे लिहिताना मला तेव्हाच्या माझ्या चेहऱ्याची लाज वाटते. किती खूष झाले होते मी. दोनदा नापास झालेल्या पोरीला कोणीतरी तिच्या विद्येचं काहीतरी विचारत होतं. मी लॅपटॉप तिच्याकडे वळवला, तक्ता दाखवला. फोनवरच्या हवामानातही गोंदियासमोर पिवळा सूर्य होता. आमच्या धंद्यातला माणूस कधी "कर" किंवा "नको करू" म्हणत नाही. शक्यता सांगतो आणि गप्प बसतो. हे मला ठाऊक होतं, त्यावर मी वहीत दोन पानं लिहिली होती.

"बावीस वर्षांत एकदाही नुकसान नाही, मोठीआई," मी म्हटलं. "काप तू."

"हाव," ती म्हणाली आणि पाय धुवायला गेली.

सोमवारी धान कापलं. दहा-बारा बाया, सकाळपासून विळ्यांचा कर्रकर्र आवाज, मधेच कोणाचं तरी हसणं. अर्ध्या एकरात उशिराचं भारी धान होतं ते उभं राहिलं, बाकी अडीच एकराच्या कडपा पडल्या. कडपा म्हणजे कापलेल्या धानाच्या आडव्या ओळी. तीन-चार दिवस त्या वावरातच वाळू द्यायच्या, मग भारे बांधायचे, मग पुंजणा, म्हणजे भाऱ्यांची गंजी. लगेच उचलता येत नाही, काडी ओली असली की भारा आतून तापतो आणि दाणा काळा पडतो. हे तीन-चार दिवस म्हणजे धान ना उभं ना घरात. मंगळवारी ऊन पडलं. कडपा पिवळ्या झाल्या आणि अंगणभर तो कोरडा, भाजल्यासारखा वास आला. मी त्या दिवशी दोन जुने पेपर सोडवले.

बुधवारी दुपारी चहा घेताना माझ्या वहीवरचं ऊन गेलं. मी मान वर केली नाही. म्हटलं ढग असेल, जाईल. पंधरा मिनिटं झाली, अर्धा तास झाला, ऊन आलं नाही. फोन पाहिला, सूर्याच्या जागी ढग. मोठीआई धुऱ्यावर उभी होती, कमरेवर हात, तोंड वर. तिने माझ्याकडे बघितलं नाही, मीही तिला हाक मारली नाही. त्या दुपारनंतर मी एक ओळ वाचायचे आणि आकाश पाहायचे. जेवताना अर्धं ताट तसंच बाजूला सारलं. आई म्हणाली, परीक्षेचं टेन्शन घेऊ नको. मी म्हटलं, हो.

गुरुवारी सकाळी मळभ आणखी खाली उतरलं. वारा पडला. मोठीआई छपरीत वालाच्या शेंगा निवडत बसली होती. मला राहवेना. मी खिळ्यावरची कॅलेंडरं काढली, टेबलावर ठेवली आणि एकेका वर्षाचं नोव्हेंबरचं पान उघडत गेले. तिला धीर द्यायचा होता की मला घ्यायचा होता, देव जाणे.

"हे बघ मोठीआई, एकाही वर्षी नुकसान नाही. ढग येतात आणि जातात."

"कोन म्हनते?"

"मोठेबाबांनीच लिहिलंय. दोनदा थेंब आले, बस."

ती उठली. हातातली शेंग तशीच हातात. टेबलाशी येऊन तिने पान पाहिलं. एका वर्षीच्या त्या पानावर "कापणी सुरू" लिहिलेलं होतं आणि त्याच्यापुढे महिनाभराची घरं रिकामी. तिने शेंगेच्या टोकाने त्या घरांवर टकटक केलं.

"आन हे कोरे घरं?"

"त्यात काही लिहिलं नाही. म्हणजे काही झालं नाही."

मोठीआईने शेंग टेबलावर ठेवली. ओरडली नाही. ओरडली असती तर सोपं गेलं असतं.

"अवो माय," ती हळूच म्हणाली, "तोच तं पान्याचा साल होता. तुहे मोठेबाबा नुकसान लिवत नव्हते. लिवलं का पक्कं होते, म्हनत. घरात बोलू पन देत नव्हते. या साली तं कडपाले कोंब फुटले होते. तू पयलीत होती तवा. माह्या भावाकडून तांदूळ आनले होते, आठवते का?"

आणि मला आठवलं. तांदूळ आठवला. जाडा, वेगळ्याच वासाचा, मी ताटात उष्टा टाकायची आणि मार खायची. तो का आला होता हे मला कोणी कधी सांगितलं नव्हतं. मी पानं उलटली. अशी वर्षं मोजली. सहा. बावीसात सहा. मी तिला एकही नाही म्हणून सांगितलं होतं, आणि ती चारात एकाहून जास्त होती. कोरं दिसलं तिथे मी शून्य भरलं होतं. ज्या धंद्यात कोरं आणि शून्य यांतला फरक हीच पहिली अक्कल, तिथे तिसऱ्यांदा परीक्षेला निघालेली मी.

"मग रविवारी काऊन नाही सांगितलं?" मी विचारलं.

"तू पुसलं काऊन नाई?" ती म्हणाली. मग खाली बसली आणि पुन्हा शेंगा निवडू लागली. "मले वाटलं तू सारं पाहून घेतलं असशील. मले तं दर साली भेव वाटते, पोरी. यंदा म्हटलं कोनाले तरी पुसाव. भेवाले कोनी नाई म्हनलं का बरं वाटते."

मी विम्याचं विचारलं, कारण तेवढंच मला येत होतं. पिकाचा विमा काढलाय का? काढला होता, दरवर्षी काढत होते. कधी नुकसान कळवलं? कधीच नाही. जे घरच्या भिंतीवर लिहायचं नाही ते परक्याला फोन करून कोण सांगणार. मला कुठल्याशा ऑफिसात कोणीतरी बसलेलं दिसलं, मुर्रीच्या नावापुढे शून्य भरणारं. माझ्यासारखंच.

शुक्रवारी आई, बाबा आणि मोठीआई पहाटेपासून वावरात गेले. ज्या कडपा त्यातल्या त्यात वाळल्या होत्या त्या बांधायला घेतल्या. मीही गेले. धानाची पाती हाताला कापतात, अभ्यासाच्या हातांना जास्तच. अर्धा एकर बांधून झालं आणि मोठीआईने माझ्या हातातला भारा काढून घेतला.

"तुही गाडी चुकन. जा."

"मी नाही जात. पुढच्या वेळेला देईन पेपर."

"आन इथं राहून काय करशीन? ढगाले धरून ठेवशीन? जा म्हनते ना."

दोन एकर कडपा उघड्यावर पडलेल्या होत्या. मी त्यांच्याकडे पाठ करून स्टेशनला गेले. त्या दोन एकरांत तिचं पुढचं सगळं वर्ष होतं, आणि ते माझ्या एका शब्दावर जमिनीवर आडवं झालं होतं. गाडीत बसल्यावर मला उलटी झाली. शेजारच्या बाईने लिंबू दिलं.

नागपुरात शनिवारी सकाळी आकाश राखेच्या रंगाचं होतं, पण कोरडं. परीक्षेच्या सेंटरवर फोन बंद करून पिशवीत घालायला लावला, पिशवी बाहेर. आत एसी. खिडक्यांना काळे कागद लावलेले, बाहेर काय चाललंय ते दिसू नये म्हणून. मला वाटलं, आता मुर्रीला काही घडलं तरी मला कळणार नाही. घडलेलं असेल, आणि मी इथे बसून गणितं करीत असेन. संगणकावर पेपर उघडला. तिसऱ्या प्रश्नात छोटासा उपप्रश्न होता, थोड्याच मार्कांचा: माहिती अपुरी असेल तर काय गृहीत धराल, त्यात धोका काय. चार ओळींचं उत्तर. मी लिहायला लागले आणि थांबता येईना. कोऱ्या जागेबद्दल लिहिलं. माणसं का कळवत नाहीत याबद्दल लिहिलं. लाजेने कळवत नाहीत, भीतीने कळवत नाहीत, नाव घेतलं की खरं होईल म्हणून कळवत नाहीत. हे कुठल्याच पुस्तकात नव्हतं. भानावर आले तेव्हा चाळीस मिनिटं गेली होती आणि मोठे प्रश्न तसेच पडले होते. नंतर मी धावले, पण पोचले नाही. शेवटचे दोन प्रश्न कोरे राहिले.

बाहेर येऊन फोन सुरू केला. एकही मिस कॉल नाही, एकही मेसेज नाही. रविवारची मी असते तर म्हटलं असतं, चला, काही झालं नाही. आता ती रिकामी पाटी बघून मी फोन परत पिशवीत टाकला. फोन लावायचा धीर झाला नाही. लावला असता तरी सगळं ठीक आहे म्हणाले असते. परीक्षेला गेलेल्या पोरीला नुकसान कळवायची आमच्या घरात रीत नाही. कधीच कोणाला कळवायची नाही, तर मला काय कळवतील?

परतीच्या गाडीत खिडकी पकडली. भंडारा रोडला फलाट कोरडा. बाहेर बांध्यांमधून माणसं वाकून भारे बांधत होती, फार भराभरा. तुमसरला कोरडा. मी मनात हिशोब करत होते, आणि हिशोब करते म्हणून स्वतःला शिव्याही घालत होते. तिरोड्याला चहावाल्याच्या किटलीवर ऊन चमकलं तेव्हा मी चक्क हात जोडले. पुढे गंगाझरीच्या अलीकडे रुळाकडेच्या खड्ड्यांत पाणी दिसलं. नवं, गढूळ, वर तणस तरंगणारं. त्यापुढे मी बाहेर बघितलं नाही.

गोंदियाला उतरले तर ऑटोवाला टपावरचं पाणी फडक्याने झटकत होता.

"मुर्री? बैठो. दोपहर को क्या गिरा है पानी, मैडम, घंटा भर. आधा धंधा डूब गया मेरा."

मी बॅग मांडीवर घेऊन आत बसले. त्याला वाटलं असेल, पोरीला हिंदी येत नाही.

घरी पोचले तेव्हा दिवेलागण झाली होती. आई चुलीशी होती. ती म्हणाली, "आलीस? हातपाय धू," आणि भाकरी थापत राहिली. मोठीआई आणि बाबा वावरात होते. मी बॅग घेऊन छपरीत गेले. सगळ्यात वर या वर्षीचं कॅलेंडर, ज्याच्यावर कोणीच काही लिहीत नव्हतं. त्या पानावर एक घर भरलेलं होतं. शनिवारचं. शिसपेन्सिलीने, मोठ्या वाकड्या अक्षरांत, रेघ सोडून शेजारच्या घरात गेलेलं:

पानी आल. दोन एकर भीजल. नूसकान झाल.

पुढचं थोडक्यात सांगून टाकते. त्या कडपांना कोंब फुटले. जे वाचलं ते वाळवलं, चुरून दाणे काढले, मिलमध्ये नेलं तर निम्मी कणी आणि तांदूळ काळपट. त्यातलं एक पोतं मी मागून घेतलं आणि वर्षभर तोच भात खाल्ला. कुकर उघडला की ओल्या तणसाचा वास यायचा. तो पेपर मला आणखी दोन खेपांनी सुटला. आता मी ज्या टेबलाशी बसते तिथे पोरं तक्ते घेऊन येतात आणि कोऱ्या जागी शून्य भरलेलं असलं की माझा आवाज चढतो. बाई खडूस आहे म्हणतात, म्हणू देत.

पण त्या संध्याकाळी मी कॅलेंडरासमोर उभी होते आणि मागून चिखलाच्या पावलांचा आवाज आला. मोठीआई गुडघ्यापर्यंत भरलेली होती. केसांत काड्या. तिने मला बघितलं, मग मी काय बघत होते ते बघितलं.

"वाचलं?"

"हो."

"या घरात पयल्यांदा लिवलं कोनी." ती उंबऱ्यावर टेकली. "मले वाटलं, पोरगी येईन आन आधी हेच पाहीन. कोरं दिसलं तं भेईन."

मला रडू फुटलं. माझ्या शब्दावर जिचं धान भिजलं, ती दुपारपासून त्या चिखलात होती, आणि मधेच घरी येऊन, हात पुसून, पेन्सिल शोधून तिने हे लिहिलं होतं. मी भिऊ नये म्हणून. मी तिच्या पायाशी बसले आणि काहीबाही बोलत राहिले, माझं चुकलं, मी काप म्हटलं. तिने मला रडू दिलं.

"पेपर कसा गेला?" मग तिने विचारलं.

आमच्या घरात या प्रश्नाचं एकच उत्तर असतं, ठीक गेला. तेच तोंडावर आलं होतं.

"वाईट गेला," मी म्हटलं. "फार वाईट. दोन प्रश्न कोरे सोडले."

तिने कमरेला खोचलेली पेन्सिल काढली. टोक बोथट झालं होतं, ते तिने दाताने सारखं केलं आणि पेन्सिल माझ्यापुढे धरली.

"मंग लिव."

"कुठे?"

"तिथंच. माह्या खाली. जागा हाये."

मी उठले आणि शनिवारच्या घरात, तिच्या अक्षरांखाली, बारीक अक्षरात लिहिलं.